उपटलेलं पॅड

वाल्मिक ठोंबरे शास्त्रज्ञ नव्हता, ही गोष्ट पोशीर गावात त्याच्याखेरीज सगळ्यांना मान्य होती. कशेळ्याच्या एका शाळेत तो सव्वीस वर्षं प्रयोगशाळा सहाय्यक होता. परीक्षानळ्या धुवायच्या, आम्लाच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवायच्या आणि तपासणीच्या दिवशी सांगाड्याच्या बरगड्या ओल्या फडक्याने पुसायच्या, एवढंच त्याचं विज्ञान. पण इतकी वर्षं विज्ञानाला खेटून उभं राहिलं की आपल्यालाही ते थोडंफार लागलंय असं माणसाला वाटायला लागतं, आणि त्यात त्याची फारशी चूकही नसते.

झालं असं, की स्नेहसंमेलनात लाउडस्पीकर घूं घूं करायला लागला. वाल्मिक मंचापाशी गेला आणि म्हणाला, "सर, अर्थिंगचा घोळ आहे." मुख्याध्यापकांच्या हातातला माइक चालूच होता. "ठोंबरे, तुम्ही तुमच्या नळ्या बघा," ते म्हणाले, आणि हे एक वाक्य मात्र जराही घूं घूं न होता मांडवाच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत स्वच्छ पोचलं. शेवटच्या खुर्चीवर विनिता बसली होती, वाल्मिकची बायको. परत येताना जीपमध्ये तिने फक्त त्याच्या गुडघ्यावर दोनदा थोपटलं. ते त्याला जास्त लागलं.

त्याच आठवड्यात त्याने ॲम्प्लिफायरचं किट मागवलं. तळहाताएवढा हिरवा बोर्ड, पुड्यांमधून आलेले शंभरेक बारीक भाग, आणि एक सूचनापत्रक. सगळे भाग आपल्या हाताने जोडा आणि शुद्ध आवाज ऐका, असं त्यावर लिहिलं होतं. 'शुद्ध' या शब्दाखाली वाल्मिकने लाल पेनाने रेघ मारली.

शेजारचे गजा तात्या पहिल्याच दिवशी ओट्यावर येऊन बसले. तात्या म्हणजे सत्तरीचा ताठ माणूस. भाताची शेती मुलांकडे सोपवल्यापासून गावाला सल्ला देणं एवढंच काम त्यांच्याकडे उरलं होतं, आणि ते त्यात एकही सुट्टी घेत नसत.

"आरं वाल्मिक, तयार भोंगा बाजारात मिळतो की रं. ह्ये मुंग्या काय निवडत बसलास?"

"तात्या, हे रेझिस्टर आहेत."

"आसंल. पन मुंग्याच दिसत्यात."

आता या कामात एक नाजूक जागा असते, ती सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिथूनच सुरू झालं. बोर्डावर ठिकठिकाणी तिळाएवढ्या तांब्याच्या टिकल्या चिकटवलेल्या असतात. त्यांना पॅड म्हणतात. भागाचा पाय पॅडच्या भोकातून घालायचा, सोल्डरिंगचं तापलेलं टोक टेकवायचं, कथील वितळवायचं आणि टोक उचलायचं. हे सगळं तीन सेकंदांत. त्याहून जास्त वेळ उष्णता दिली तर पॅडखालचा डिंक मरतो आणि पॅड सुटतं. हे सूचनापत्रकात ठळक अक्षरांत होतं. वाल्मिकने तेही लाल केलं होतं.

पण एक काळा, बोंडाएवढा भाग त्याच्याकडून उलटा बसला. तो काढायला पुन्हा तापवावं लागलं. निघेना. परत तापवलं. तात्या मागे उभे होते. "आजून जरा धर. घाई कराय लागलास की कामं बिघडत्यात." वाल्मिकने आणखी जरा धरलं. भाग निघाला, आणि त्याच्या पायाला चिकटून ती तांब्याची टिकलीही निघाली, जखमेवरची खपली निघावी तशी. खाली बोर्डावर फिकट, उघडी जागा राहिली. वाल्मिक तिच्याकडे बघतच राहिला. सोल्डरमधल्या राळेचा धूर खोलीत लोंबकळत होता.

"ती टिकली जादाची आसंल," तात्या म्हणाले.

रविवारी वाल्मिक बोर्ड जेवणाच्या डब्यात कापसावर ठेवून खालापूरला गेला. तिथे विनिताच्या धाकट्या भावाचं, देवेशचं, मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. देवेशने बोर्ड भिंगाखाली धरला.

"पॅड उपटलंत, दाजी."

"सुटलं."

"सुटत नाय ते. उपटायला लागतं." मग दाजींचा चेहरा बघून तो नरमला. "होतं आसं. आमीपण पयल्यांदा लय उपटलेत. पाच मिनिटांचं काम हाय, बसा, मी करून देतो."

इथे वाल्मिकने डबा बंद केला. मेव्हण्याकडून दुरुस्त करून घेतलेल्या यंत्रातून शुद्ध आवाज येऊन उपयोग काय? "तू फक्त सांग," तो म्हणाला.

देवेशने सांगितलं. पॅडकडे येणारी तांब्याची वाट शोधायची, तिच्यावरचा हिरवा रंग ब्लेडने हलकेच खरवडायचा, केसासारखी एक तार घेऊन एक टोक त्या वाटेला आणि दुसरं भागाच्या पायाला जोडायचं. "पन तार आखूड ठेवा. लांब ठेवलीत तर ती एरियल व्हती, भलतंच काय पकडती. आनि सोल्डर ड्राय ठेवू नका. वरून चिकटलेलं दिसतं, आत धरलेलंच नसतं."

आखूड तार वाल्मिकच्या बोटांना धरता येईना, म्हणून त्याने ती दोन इंच ठेवली. सोल्डर वरून चिकटलेलं दिसत होतं.

सोमवारी शाळेतून आल्यावर त्याने बोर्ड एका लाकडी पेटीत बसवला आणि पेटी चालू केली. नुसता स्पीकर जोडला होता. मोबाइल नाही, रेडिओ नाही, माइक नाही. आधी काहीच आलं नाही. साधी शांतताही नाही. विहिरीच्या काठावर कान दिल्यावर येते तशी खोल, ओली शांतता. मग टक् असा आवाज झाला, आणि पेटी विनिताच्या आवाजात म्हणाली, "अहो, दूध उतू गेलं बघा."

वाल्मिक स्वयंपाकघरात धावला. विनिता खाली बसून तांदूळ निवडत होती. गॅसवर काहीच नव्हतं.

"काय म्हणालीस?"

"मी कुठं काय म्हणाले?"

तो परत येऊन पेटीपुढे बसला. आत विनिताने भांडं ठेवल्याचा आवाज झाला, लायटर वाजला. थोड्या वेळाने तेच आलं, यावेळी स्वयंपाकघरातून. "अहो, दूध उतू गेलं बघा." तोच सूर, शेवटच्या 'बघा'वर तोच हेल. वाल्मिकच्या हातांवरचे केस उभे राहिले. पण माणूस प्रयोगशाळेतला. त्याने आधी घड्याळ बघितलं. पाच मिनिटं.

मंगळवारी दहा मिनिटं. "ओला टॉवेल परत पलंगावर?" हे पेटीतून आलं तेव्हा टॉवेल बाथरूमच्या दांडीवर होता. वाल्मिकने ठरवलं, की टॉवेलला हातच लावायचा नाही. पण आठव्या मिनिटाला मोरीत त्याचा पाय घसरला, नळाचं पाणी सर्वांगावर उडालं, अंग पुसलं आणि घाबरलेल्या अवस्थेत टॉवेल कुठे टाकला ते त्याला कळलंच नाही. दहाव्या मिनिटाला विनिताने ते विचारलं.

त्याने देवेशला फोन केला. देवेशने शांतपणे ऐकून घेतलं. "ड्राय सोल्डर हाय ते, दाजी. लांब तारेचा एरियल झाला, ड्राय जॉइंट डिटेक्टर झाला. रेडिओ पकडतंय. पुस्तकात हाय ह्ये."

"अरे, पण विनिता रेडिओवर कुठं असते?"

"ताईचा आवाज तसा लय लांब जातो," देवेश म्हणाला, पण त्याचं त्यालाच ते पटलं नसावं, कारण त्याने गिऱ्हाईक आल्याचं सांगून फोन ठेवला.

बुधवारी वीस मिनिटं, गुरुवारी चाळीस. अंतर रोज दुप्पट होत होतं. वाल्मिकने वही सुरू केली: तारीख, वाक्य, ऐकल्याची वेळ, घडल्याची वेळ, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात तो 'बरोबर' लिहायचा. पेटी एकदाही चुकली नाही. दुसऱ्या कुणाचा आवाज तिने कधी काढला नाही. प्रश्न विचारला तर उत्तर दिलं नाही. गावात हे पसरायला दोन दिवस लागले. तात्यांची बायको सोनाबाई येऊन पेटीपुढे उदबत्ती लावून गेली. तात्या स्वतः कमरेवर हात ठेवून पेटीला म्हणाले, "सांग बगू, आवंदा भात किती व्हईल?" पेटी विनिताच्या आवाजात म्हणाली, "ही मांजर परत ताकाला तोंड लावून गेली." तात्यांनी हे भाताच्या पिकाला कसं लागू होतं यावर पाऊण तास विचार केला.

विनिताला मात्र ही करमणूक वाटेना. आधी तिला वाटलं, नवऱ्याने आपलं बोलणं गुपचूप मोबाइलवर घेतलंय. तसं नाही हे पटल्यावर एका दुपारी तिने ती वही वाचली. दूध. टॉवेल. मांजर. बाहेरचा दिवा मालवला का. चप्पल कुणी इथं काढली. वही मिटून तिने ती होती तिथे ठेवून दिली.

"दिवसभरात मी एवढंच बोलते का हो?" तिने संध्याकाळी विचारलं.

"पेटी तेवढंच पकडते," वाल्मिक म्हणाला. पण तोही विचारात पडला. तीस वर्षांत तो जे ऐकून न ऐकल्यासारखं करत आला होता, ते त्याला आता वहीत लिहावं लागत होतं.

नवव्या दिवशी, मंगळवारी, संध्याकाळी सात वीसला विनिता सोनाबाईकडे गेली होती. पेटी टक् झाली. आणि विनिताचा आवाज आला, पण त्याने कधीच न ऐकलेला. फाटलेला. "अहो! उठा! अहो, उठा ना!" मधला एखाददुसरा शब्द खरखरीत बुडाला. "कुणीतरी या हो!" मागे जमिनीवर काहीतरी धातूचं गोल गोल फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि थांबलं.

पेटी गप्प झाली. बाहेर कुत्रंही भुंकत नव्हतं. वाल्मिकने गणित केलं, कारण दुसरं काय करायचं त्याला सुचलं नाही. पाच मिनिटं, आठ वेळा दुप्पट. एकवीस तास वीस मिनिटं. उद्या बुधवार, दुपारी चार चाळीस.

विनिता आली. "चेहरा का असा उतरलाय?"

"काही नाही. सोल्डरचा धूर," तो म्हणाला, आणि जेवायला बसला. भाकरी तोंडात फिरत होती. 'अहो' म्हणून ती जगात एकाच माणसाला हाक मारत असे, निदान त्याचा तरी तसा समज होता.

सकाळी त्याने शाळेत अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज दिला. कारणाच्या रकान्यात बराच विचार करून लिहिलं, 'घरी घटना घडण्याची शक्यता.' मुख्याध्यापकांनी चष्मा वर केला.

"कसली घटना?"

"ते घडल्यावर कळवतो, सर."

"ठोंबरे, घडलेल्या घटनेला रजा असते. शक्यतेला नसते. नियम बघा."

शेवटी 'पोटात दुखते' असं लिहून त्याने रजा घेतली. ते खोटंही नव्हतं.

दोन वाजता तो जीप चालवणाऱ्या नवीनकडे गेला आणि तीनपासून गाडी दारात उभी करायला सांगितली.

"कुठं जायचंय, काका?"

"कर्जतला. दवाखान्यात."

"कोण हाय?"

"ठरायचंय," वाल्मिक म्हणाला. नवीनने गाडीचं तोंड रस्त्याकडे करून ठेवलं. हसला मात्र नाही.

पेटीने 'उठा' म्हटलं होतं, त्याअर्थी आपण पडणार. मग पडायचंच नाही, असं वाल्मिकने ठरवलं. तो जेवण झाल्यावर आडवा झाला नाही. खुर्चीवर बसला नाही, कारण खुर्चीवरूनही माणूस कलंडतो. चार वाजता तो अंगणाच्या कडेला, आधाराला कुंपणाची लोखंडी दांडी धरून उभा राहिला. विमा, पासबुक आणि आधारकार्ड एका पिशवीत घालून पिशवी गळ्यात अडकवली होती. विनिता दारात येऊन त्याच्याकडे बघत होती.

"तुम्हाला काय झालंय ते सांगणार आहात का?"

"चहा टाक," तो म्हणाला. त्याला तिला बरंच काही सांगायचं होतं. मांडवात तू मागे बसली होतीस ते मला आवडलं नव्हतं, पण तू नसतीस तर त्याहून वाईट वाटलं असतं, असं काहीतरी. पण गळ्यात पिशवी अडकवून हे कसं सांगणार?

साडेचारला तात्या नेहमीप्रमाणे चहाला आले. "वाल्मिक, येष्टीची वाट बगतोस का रं? आंगनात येष्टी नाय येत." ते ओट्यावर टेकले. विनिताने त्यांच्या हातात पितळी पेला दिला. तात्यांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, "आज चहा जरा कडू..."

वाक्य पुरं झालं नाही. ते एका बाजूला कलले, सावकाश, पोतं घसरावं तसे, आणि ओट्यावरून खाली आले. पेला फरशीवर पडला आणि गोल गोल फिरत राहिला.

"अहो! उठा! अहो तात्या, उठा ना! तात्या! कुणीतरी या हो!"

त्या क्षणी वाल्मिकच्या मनात सगळ्यात आधी काय आलं, हे त्याने पुढे कधीच कुणाला सांगितलं नाही. त्याच्या मनात आलं, मी नाही. आणि एक थंडगार आनंद त्याच्या अंगातून गेला. मग त्याला तात्यांचा राखाडी पडलेला चेहरा दिसला, आणि त्याची स्वतःचीच त्याला इतकी लाज वाटली की तो ओरडतच धावला. "नवीन! गाडी!"

गाडी चालूच होती. नवीनने आणि त्याने तात्यांना उचलून मागच्या सीटवर घातलं, ओरडा ऐकून धावत आलेली सोनाबाई अनवाणीच चढली, आणि चार बेचाळीसला जीप कर्जतच्या रस्त्याला लागली होती. दवाखान्यातले डॉक्टर नंतर म्हणाले, "आणखी पंधरा मिनिटं गेली असती तर मी काही करू शकलो नसतो."

तात्या आत गेले आणि बाहेर खिडकीवरच्या कारकुनाने वाल्मिकपुढे फॉर्म सरकवला. रुग्णाचं नाव, वय, घटनेची वेळ. त्याखाली, 'घटनेची माहिती केव्हा मिळाली?' वाल्मिकचं डोकं ठिकाणावर नव्हतं. त्याने लिहिलं, 'मंगळवार, सायं. ७.२०.'

कारकुनाने पेनाने टक टक केलं. "घटना आज झाली ना?"

"हो."

"मग माहिती काल कशी मिळाली? खोडा ते. आणि खोडलंय तिथं सही करा."

वाल्मिकने खोडलं आणि सही केली.

तात्या वाचले. दहा दिवसांनी घरी आले. पोशीरमध्ये वाल्मिकचं नाव झालं. मुख्याध्यापकांनीसुद्धा परिपाठाला त्याचा उल्लेख केला: "ठोंबरेंच्या पोटात दुखत असतानाही त्यांनी शेजाऱ्याचे प्राण वाचवले." आपल्याला हे आधी कळलं होतं असं वाल्मिकने दोघातिघांना सांगून बघितलं. त्यांनी त्याच्या पाठीवर थोपटलं.

इतके दिवस त्याने पेटीला हात लावला नव्हता. जुनी चादर टाकून ती कपाटावर ठेवली होती. तात्या घरी आले त्या शनिवारी, संध्याकाळी सहाला, विनिता त्यांना बघायला गेली असताना, त्याने ती खाली काढली. एकदाच, असं तो स्वतःला म्हणाला. तात्यांचं पुढे काय, एवढं कळलं तर बरं, असंही म्हणाला. बहाणा कुठला तरी लागतोच.

ती खोल, ओली शांतता पुन्हा आली. या वेळी पुष्कळ लांब चालली. मग टक्.

"एकटीसाठी कशाला गॅस पेटवू? सकाळचं आहे, तेच खाईन."

आवाज विनिताचा. पण वाळलेला. लाकूड उन्हात राहून चिरावं तसा बारीक चिरलेला, आणि सवय झालेला. त्यात रडणं नव्हतं. रडणं कधीच संपलं होतं. वाल्मिकने वही उघडली. पेटी चालू होती तेवढेच दिवस मोजले तर हे परवा, सोमवारी, दुपारी बारा चाळीसला. मधले सगळे दिवस मोजले तर पाच वर्षांनी. पाच वर्षांनी तो अठ्ठावन्नचा होणार होता. निवृत्त.

त्याने स्विच बंद केला, सोल्डरिंग तापवलं आणि ती दोन इंची तार काढून टाकली. तारेबरोबर बोर्डावरची तांब्याची वाटही सोलून निघाली. पुन्हा पेटी लावली तर तिच्यातून काहीच आलं नाही. खरखर नाही, घूं घूं नाही. त्याला हवा होता तितका शुद्ध आवाज.

सोमवारी शाळेतून आल्या आल्या त्याने विचारलं, "दुपारी काय जेवलीस?"

"सोनाबाईंनी वालाचं बिरडं दिलं होतं. वर भात लावला. का हो?"

म्हणजे सोमवार नाही. मग वाल्मिकला एक युक्ती सुचली. वाक्य घडायचंच असेल तर ते आत्ताच, बिनधोकपणे घडवून टाकावं. आपण एक रात्र बाहेर राहायचं, ती एकटी, सकाळचं खाईल, सोनाबाईला तसं बोलेल, आणि पेटीचा हिशेब मिटेल. शनिवारी तो काही कारण काढून खालापूरला देवेशकडे मुक्कामाला गेला. दुसऱ्या दिवशी परस्पर सोनाबाईला गाठलं.

"काकी, काल विनिता रात्री काय जेवली?"

"आरं, तिनं तर कोंबडी केलती. आमालापन वाटी धाडली. तू नसलास की लय झ्याक करती ती, तिखटजाळ."

पुढच्या शनिवारी तो परत गेला. तेव्हा विनिताने घावने केले. तिसऱ्या खेपेला पुरणपोळ्या. देवेश विचारायला लागला, "दाजी, ताईशी काय झालंय का?" गावातही कुजबूज सुरू झाली. वाल्मिक जितका बाहेर राहायचा, तितकं विनिताचं स्वयंपाकघर जोरात चालायचं. आणि ते जुन्या, चिरलेल्या आवाजातलं वाक्य त्याच्या कानात तसंच, न फिटलेलं राहायचं.

चौथ्या शनिवारी त्याने पिशवी भरली तेव्हा विनिता दारात आडवी उभी राहिली.

"आज कळल्याशिवाय जायचं नाही. कोण आहे खालापूरला?"

"देवेश."

"ते मला माहीत आहे, मी त्याला फोन केला होता. तो म्हणाला, दाजी येतात आणि भिंतीकडं बघत बसतात. काय आहे?"

मग त्याने सांगितलं. सगळं. मंगळवारचं, तात्यांचं. 'मी नाही' असं वाटलं होतं, तेवढं मात्र सोडून. आणि शेवटचं वाक्य शब्दाला शब्द. सांगताना त्याचा आवाज तिच्या त्या आवाजासारखाच झाला.

विनिता पलंगाच्या कडेवर बसली. तिच्या हाताला पीठ लागलं होतं, ते ती एका बोटाने दुसऱ्या बोटावरून काढत होती.

"माझाच आवाज होता?"

"तुझाच. म्हातारा."

"म्हणजे मी म्हातारी होईन, एवढं तरी आहे," ती म्हणाली, आणि हसायचा प्रयत्न केला, तो जमला नाही. मग एकदम उठली. "मी ते म्हणणारच नाही."

"विनिता, पेटी कधी चुकली नाही."

"पेटीचं पेटीपाशी. तोंड माझं आहे ना? मी नाही म्हणत म्हणजे नाही. पिशवी ठेवा आत."

त्याने पिशवी आत ठेवली.

त्यानंतर त्या घरात एक विचित्र वळण पडलं. विनिता बोलताना अडखळायला लागली. एखादा शब्द जिभेवर आला की गिळायची. 'सकाळचं' हा शब्द घरातून गेलाच. उरलेल्या भाताला ती 'मघाचा' म्हणायची. आणि वाल्मिक, ज्याने तीस वर्षं तिचं बोलणं कानावर पडू दिलं होतं, तो आता तिच्या प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला मान वर करून शेवटापर्यंत ऐकायचा. लोक म्हणायला लागले, ठोंबरे बायकोला भितात. तात्या काठी टेकत ओट्यावर येत आणि म्हणत, "भ्यायलाच पायजे. मी पन भितो."

एका संध्याकाळी वाल्मिकला शाळेच्या कामाने कशेळ्याला थांबावं लागणार होतं. जीप यायची होती, तो ओट्यावर चपला घालत होता. आत विनिताचा फोन वाजला. देवेशच्या बायकोचा असावा. इकडचं तिकडचं बोलणं झालं, आणि मग त्याच्या कानावर आलं, "नाही गं, हे नाहीयेत आज जेवायला. आता एकटीसाठी कशाला..."

वाल्मिकचा हात चपलेच्या पट्ट्यावर थांबला. आतही सगळं थांबलं. नळ ठिबकत होता, तेवढाच. विनिता दारात आली. फोन कानाला तसाच, चेहरा पांढराफटक. तिने त्याच्याकडे बघितलं. त्याने तिच्याकडे बघितलं. वाक्य दोघांच्या मधे उंबऱ्यावर अर्धं लोंबत होतं, आणि ते आपोआप पुढे सरकेल असं वाटत होतं, उतारावरच्या गाडीसारखं.

"एकटीसाठी कशाला," विनिता एकेक शब्द ठेवत म्हणाली, "हात आखडायचा? भाकऱ्या मी सहाच थापते. हे आले की खातील."

तिकडून काहीतरी विचारलं गेलं असावं.

"येतील गं," विनिता म्हणाली. "किती का वाजेनात." आणि आत जाऊन तिने गॅस पेटवला.